बोलावणं
डांबराच्या गोळ्यांचा वास आला, की रहिमतपूरच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. हजला जायला अब्बा-अम्मीची बॅग भरून तयार होती, आणि साथीमुळे यंदा कुणालाच जाता येणार नाही, अशी बातमी आली. अब्बा शिंपी, जन्मभर लोकांचे कपडे शिवत त्यांनी या प्रवासाची वाट पाहिली होती. आता यात्रेत अंगावर घ्यायचं ते बिनशिवलेलं पांढरं कापड ते गोळ्या टाकून परत ट्रंकेत ठेवत होते. मी चिडून म्हणाले, "आवं अब्बा, इतक्या वर्सांनी हजच्या सोडतीत नाव निघालं, आन् आता हे! ह्यात अल्लाची कसली मर्जी?" ते कापडावरून हात फिरवत राहिले. "मला तरी कुठं कळतंय? त्याचं बोलावणं आलं न्हाई, एवढंच." अम्मी म्हणाली, "पुढच्या साली जाऊ की." पण पुढच्या साली अम्मीच राहिली नाही. नंतर पुन्हा नाव निघालं, तेव्हा अब्बांसोबत अम्मीच्या जागी मी गेले. काबा समोर दिसला तसे अब्बा हसायला लागले, रडायलाही लागले. मी मात्र अल्लाचे आभार मानू की त्याच्याशी भांडू, मला कळेना. आजही नमाजाला बसले की मी त्याला तेच विचारते, ह्यात तुझी कसली मर्जी होती? उत्तर येत नाही, पण विचारल्याशिवाय उठवतही नाही.