आत्याच्या चालीतलं स्पॅनिश

आत्याला काहीही सांगा, दुसऱ्या दिवशी ते चालीत ऐकू यायचं. मग ती तलाठ्याची नोटीस असो की शेजारणीची तक्रार. आमच्या कोपरखैरण्याची ती धवलारीण. लग्नाचे धवले तिने गायल्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नसे. वाचता एक अक्षर येत नव्हतं, आणि लाज म्हणून कशाची ती ठाऊक नव्हती.

मी मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईतल्या एका जहाज कंपनीला स्पॅनिश पत्रं वाचणारी मुलगी हवी होती. बाबांनी बजावलं, "स्पॅनिशची परीक्षा पास झालीस तर नोकरी, नायतर तळोज्याचं स्थळ पक्कं." मी होडीने खाडी ओलांडून शिकवणीला जाऊ लागले. सगळं जमलं, पण अपूर्ण भूतकाळापाशी अडले. पूर्वी काय चालायचं ते सांगायचा हा काळ. क्रियापदं जवळजवळ सगळी नियमित, माझं डोकं तेवढं नव्हतं.

"मना सांग," आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

मी सांगितलं. शेवटी 'आर' असलेल्या क्रियापदांना 'आबा' लागतं. 'एर' आणि 'ईर'वाल्या दोन्हींना एकच, 'ईया'.

"म्हंजे एक येगली रांधते, न दोगी जावा एकाच चुलीवर. यात कठीन काय हाय गो?"

दुसऱ्या दिवशी तांदूळ पाखडताना चाल तयार: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस. मी बोलायचे, तू बोलायचास, तो बोलायचा, आम्ही बोलायचो. मागोमाग जावाही आल्या, कोमीया, कोमीयास, मी जेवायचे, तू जेवायचास. आठ दिवसांत आमच्या घरात दुसरं काही ऐकू येईना.

मग व्हायचं तेच झालं. चुलत बहिणीच्या हळदीला आत्या गाता गाता थेट आब्लाबावर घसरली. धवलारणीने ओळ म्हटली की बायकांनी ती मागून म्हणायची, ही रीत. पन्नास बायकांनी तितक्याच भक्तीने स्पॅनिश म्हटलं. नवऱ्याकडची एक म्हातारी तर डोळे पुसत होती. मी मांडवामागे पोट धरून हसत बसले होते.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, लहानपणी काय काय करायचीस? मी पायाने ठेका धरला आणि सुटले. एक प्रत्यय चुकला नाही. नोकरी लागली, तळोज्याचं स्थळ टळलं.

मुंबईत हॉस्टेलवर राहायला निघाले, तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन आत्या होडीपर्यंत आली. मी म्हटलं, आता गा की.

"सासरी धाडायचे धवले हायेत माज्याकरं," ती म्हणाली. "नोकरीवर जानाऱ्या पोरीचा कोनी रचलाच नाय."

ट्रंक होडीत ठेवून ती काठावर उभी राहिली. मला रडू आलं.

पुढच्या शनिवारी घरी आले तर धवला तयार होता, चौदा कडव्यांचा. त्यातल्या तीन कडव्यांत नुसत्या बाबांना शिव्या होत्या. बाबा समोर बसून निमूट ऐकत होते. नंतर दर खेपेला ती तो मला ऐकवायची, आणि मी हसून हसून लोळायचे.

आता आत्या नाही. मला जेमतेम चार कडवी आठवतात. स्पॅनिशच्या दोन वह्या मी भरल्या होत्या, पण माझ्यासाठी रचलेला तो धवला लिहून घ्यायचं काही मला सुचलं नाही.