बॅग वाहणाऱ्याची मुलगी

"हिचे वडील पुण्यात कॅडी होते, सांग ना त्यांना," सर म्हणाले. "साहेबांच्या बॅगा वाहायचे. सांग, सांग. मजा येईल त्यांना."

आणि मी सांगितलं.

मीच. माझ्याच तोंडाने. दुभाष्याने आपलं काही मिसळायचं नसतं, समोरचा बोलेल ते जसंच्या तसं पुढे द्यायचं असतं. म्हणून मी माझ्याच बापाबद्दल 'ह्या बाईचे वडील' असं जपानीत म्हणाले. टेबलाभोवती क्लायंटची तीन माणसं होती. तिघंही हसली. इथली माणसं न कळलेल्या विनोदालाही हसतात आणि कळलेल्या अपमानालाही. सर सगळ्यात मोठ्याने हसले. मीही दात दाखवले. समोरच्या सूपवर साय धरली होती, ती चमच्याने बाजूला करत बसले.

चिबातलं गोल्फचं मैदान. जपानमध्ये निम्मा खेळ झाला की सगळे क्लबहाउसमध्ये येऊन निवांत जेवतात, मग उरलेला खेळतात. ते जेवण चाललं होतं. मी खेळायला गेले नव्हते. तोयोसुच्या आमच्या ऑफिसात मी इंजिनिअर आहे. आमचे सर पुण्याचे, प्रोजेक्टचे प्रमुख, इतकी वर्षं इथे राहून त्यांचं जपानी 'अरिगातो'च्या पुढे सरकलेलं नाही. म्हणून क्लायंटबरोबर गोल्फ असला की सुट्टीच्या दिवशी माझी जीभ त्यांना लागते. पुढच्या टप्प्याची लीड मी होणार की नाही, माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार की नाही, हे त्यांच्या हातात. आदल्या दिवशी म्हणाले होते, "उद्या जरा गोड बोल. मग बघू तुझं."

वडलांचं त्यांना कुठून कळलं? माझ्याकडूनच. निशी-कसाईत, आपली भारतीय माणसं राहतात त्या भागात, त्यांच्या घरी हळदीकुंकू होतं. वहिनींनी विचारलं, "वडील काय करायचे गं?" मी मान वर करून सांगितलं, गोल्फच्या मैदानावर कॅडी होते, त्या कमाईवर मला इंजिनिअर केलं. वहिनी म्हणाल्या, "अय्या, हो का? आणि मूळच्या कुठल्या तुम्ही?" मराठी माणूस 'मूळच्या कुठल्या' विचारतो तेव्हा त्याला गावाचं नाव नको असतं. मला काय ते समजलं. मी तेही सांगून टाकलं. पुढच्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. 'राहूनच गेलं बघ' म्हणाल्या. शेजारच्या फुनाबोरीपर्यंतच्या सगळ्या बायकांना बोलावणं गेलं, माझंच तेवढं राहून गेलं.

बाबांचं सांगते. आमच्या वस्तीमागचं माळरान कुंपण घालून गोल्फचं मैदान झालं ते आजोबांच्याही आधी. ज्यांची जनावरं तिथे चरायची, त्यांचीच पोरं तिथे बॅगा उचलायला लागली. बाबा त्यातलेच. एकदा साहेब चहा प्यायला वळले तेव्हा बाबांनी त्यांची स्टिक हातात घेतली आणि हवेत नुसती फिरवून बघितली. साहेबांनी पाहिलं. मारलं नाही. साबण आणून ती स्टिक बाबांनाच धुवायला लावली, सगळ्यांसमोर, नळावर. विटाळ झाला म्हणून धुवायची, आणि धुणारे हातही तेच! एवढी अक्कल त्या साहेबाला नव्हती. बाबा हे आम्हाला हसत हसत सांगायचे. मला ते हसू कधीच सहन झालं नाही.

चिबातल्या त्या दिवशी संध्याकाळी बक्षीस समारंभात सर भाषण करणार होते, गोल्फच्या इतिहासावर. लिहिणार मी. "राजेरजवाड्यांचा, जंटलमन लोकांचा खेळ, असं काहीतरी छान लिही," असं फर्मान होतं. मी वाचायला घेतलं आणि माझं डोकं फिरलं. कसले राजे? स्कॉटलंडच्या समुद्राकाठच्या रेताड जमिनीवर, जिथे काही पिकत नव्हतं, नुसती मेंढरं चरायची, तिथे साधी माणसं वाकड्या काठीने चेंडू टोलवायची. मेंढपाळांनीच हा खेळ काढला असंही सांगतात. राजाने तर बंदी घातली होती, का, तर पोरं धनुष्यबाण सोडून काठ्या फिरवत बसतात, मग लढाईला कोण जाणार? पुढे राजालाच गोडी लागली. मग बंदी गेली आणि कुंपण आलं. क्लब आले, नियम आले, पिसं ठासून भरलेले महागडे चेंडू आले. गोऱ्यांच्या पलटणी आणि व्यापारी हा खेळ घेऊन आधी आमच्याकडे कलकत्त्याला उतरले. जपानला तो आला फार उशिरा. कोबेजवळच्या डोंगरावर परदेशी व्यापाऱ्यांनी मैदान केलं. तिथे खेळायचे गोरे आणि बॅगा उचलायची खालच्या गावातली जपानी पोरं.

हे शेवटचं मी पुन्हा एकदा वाचलं. म्हणजे पुढे टेबलावर जे हसणार होते त्या तिघांच्याही देशातली माणसं कधीतरी बाबांच्याच जागी उभी होती. मग त्यांनी काय केलं? पैसा आल्यावर डोंगर कापून अशी मैदानं केली की ज्यांच्या मेंबरशिपपुढे घर स्वस्त, आणि काही ठिकाणी बायकांना मेंबरच करून घेईनात. ज्याच्या खांद्यावर बॅग असते तो पहिली संधी मिळताच ती दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो. खेळाचा खरा इतिहास एवढाच आहे, आणि तो भाषणात चालणार नव्हता. मी सरांना हवं ते लिहिलं होतं. राजेरजवाडे घातले होते.

जेवणानंतर आम्ही पुन्हा मैदानावर आलो. इथे बॅगा कोणी उचलत नाही. बॅटरीची कार्ट असते, बटण दाबलं की आपली आपण चालत येते. चारही बॅगा तिच्यात उभ्या होत्या. सरांनी आपली बॅग बाहेर ओढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"कार्टला नको. ही उचलेल. रक्तातच आहे तिच्या. सांग त्यांना."

क्लायंटचे मोठे साहेब, ओनो-सान, हळूच म्हणाले, "कार्ट आहे ना."

"अहो, गंमत बघा नुसती," सर मराठीतच म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "उचल की! बापाला जमत होतं, तुला नाही जमत?"

ओनो-सान बुटांकडे बघायला लागले. बाकीचे दोघे हातमोजे नीट करायला लागले. बघायचं नाही असं ठरवलं की किती छान दिसत नाही माणसाला.

राग आला होता. सरांचा आला, त्या तिघांचा आला, बाबांच्या हसण्याचा आला, आणि सूपवरची साय बाजूला करत बसलेल्या माझ्या स्वतःचा सगळ्यात जास्त आला.

"नाही उचलणार," मी म्हणाले.

"काय?"

"नाही उचलणार. माझा बाप पोटासाठी उचलत होता. तुमच्या करमणुकीसाठी मी उचलणार नाही."

मग हेच मी जपानीत सांगितलं. आधी सरांचं वाक्य, रक्तातच आहे हे, एक शब्द न गाळता. मग माझं. आवाज चढवला नाही. कोणी हसलं नाही. भाषणाचे कागद मी सरांच्या बॅगेवर ठेवले आणि चालत गेटपर्यंत आले.

घरी नवरा म्हणाला, "अगं, एवढ्यासाठी? उचलायची होती आणि विसरून जायचं होतं." बाबांना फोन केला तर तेही तेच, "पोरी, नोकरी जप. आपल्याला काय, पायातली वहाण पायातच बरी." मी म्हणाले, "बाबा, ही म्हण ज्यांनी केली त्यांच्या पायात ती वहाण होती. आपण चामडं होतो." बाबा या वेळी हसले नाहीत.

सोमवारी सरांनी मीटिंग रूममध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "ओनो-सानना सांग की तुला बरं नव्हतं. ऊन लागलं होतं. माफी माग. नाहीतर तुझं कॉन्ट्रॅक्ट मी पुढे पाठवणार नाही."

"मला बरं होतं," मी म्हणाले. "इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. माफी तुम्ही मागायची आहे, माझी नाही, माझ्या वडलांची."

"माज आलाय तुला."

"आलाय. उशिरा आला."

मग मी त्यांना सांगून टाकलं, मी राजीनामा देणार नाही. आजाराचं कारण सांगणार नाही. मला काढायचं असेल तर काढा, पण कारण लेखी द्या. तब्येत नको, बजेट नको. 'बॅग उचलली नाही' एवढंच लिहा आणि खाली तुमची सही करा. तोवर मी रोज येणार आणि माझ्या जागेवर बसणार.