फांद्यांच्या बेचक्यातला सूर्य

आमच्या वाडीच्या पश्चिमेच्या बांधावर आंब्याचे एक झाड होते. वादळात त्याची मुळे हलली आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते उभ्याउभ्या वाळून गेले. पाने गेली, साल सुटली, आणि ते झाड मला पहिल्यांदाच सुंदर दिसू लागले.

मुदतीआधी नोकरी सोडून हरिहरेश्वरजवळच्या या गावी परतल्यावर मी छायाचित्रे काढू लागलो होतो. मावळत्या सूर्यासमोरचे काळे झाड, एवढाच माझा विषय. त्याचे नियम मी निष्ठेने पाळत असे. उजेड आकाशाचा मोजायचा, म्हणजे जमिनीवरचे सगळे आपोआप काळे होते. आकारात आकार मिसळू द्यायचा नाही. वाळलेल्या आंब्याला मधोमध दोन फांद्यांचे बेचके होते आणि दिवाळीच्या सुमारास मोजक्या संध्याकाळी सूर्य नेमका त्यातून खाली उतरत असे.

अडचण होती ती गायीची. बांधापलीकडे, थेट झाडाखाली, शेजारच्या वहिनी आपली गाय बांधत. तिचे पाय खोडात मिसळत आणि चित्रातले झाड चालू लागल्यासारखे दिसे. मी भिडस्त माणूस. बोललो काहीच नाही.

वहिनी मात्र गणपतीतच बोलल्या. "भावजी, पार वाळलाय त्यो आंबा. कधी पडंल नेम न्हाय. माझी गाय गाभण हाय."

"दिवाळी होऊ द्या, वहिनी. मग काढून टाकू."

"दिवाळीत काय पालवी फुटनार हाय त्याला?"

मी हसलो. दिवाळीत नेमके क्षितिजावर ढग आले आणि ते हटेपर्यंत सूर्य बेचक्याच्या डावीकडे सरकला. वहिनी पुन्हा आल्या तेव्हा मी अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले, की संक्रांत उलटली की तो परत येईल.

"कोन येईल?"

"सूर्य."

"येऊ दे बापडा," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर काही दिवसांतच गाय झाडाखालून नाहीशी झाली. खुंटा तेवढा राहिला. न सांगता वहिनींना माझी अडचण उमगली, याचे मला फार कौतुक वाटले. खेड्यातल्या माणसांच्या या समजूतदारपणाविषयी मी एका स्नेह्याला फोनवर बरेच ऐकवलेही. माघात सूर्य परतला. मी विहिरीच्या कठड्यालगत गुडघे टेकले आणि मनासारखे चित्र मिळाले.

म्हसळ्याच्या स्टुडिओत त्याच्या दोन मोठ्या प्रती करून घेतल्या. एक घेऊन वहिनींकडे गेलो आणि गाय हलवल्याबद्दल त्यांचे आभार मानले.

"तुमच्या फोटोसाठी?" वहिनी हात पुसत म्हणाल्या. "न्हाय वो भावजी. झाड पडंल म्हनून भावाकडं धाडली तिला. तिथंच व्याली. वासरू अजून मी बघितलं बी न्हाय."

मला बसायला सांगून त्यांनी चित्र उजेडाकडे धरले. बराच वेळ न्याहाळले. "झ्याक आलाय. यात त्यो वाळलाय का जिता हाय, काय बी कळत न्हाय."

चहा आला. बिनदुधाचा होता. त्याबद्दल त्याच ओशाळल्या, आणि तो कप मी कसा संपवला हे मला अजून नीटसे आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी तोडणाऱ्यांना निरोप धाडला. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने इथल्या रीतीप्रमाणे कुऱ्हाड लावण्याआधी झाडापुढे नारळ ठेवला आणि झाडाची क्षमा मागितली. मीही हात जोडले. झाडाची क्षमा मागण्याची आमच्यात रीत आहे. गायीची कशी मागावी, ते कोणी ठरवून दिलेले नाही. दोर लावून आंबा माझ्याच वाडीत पाडला. लाकूड गावाच्या होळीला गेले.

शिमगा संपल्यावर गाय वासरासकट घरी आली. संध्याकाळी वहिनींनी बांधावरून हाक मारली. "भावजी, आता हिचा काढा फोटो."

मी सवयीने विहिरीकडे गेलो, गुडघे टेकले आणि एक चित्र काढून त्यांना दाखवले.

"तोंड काळं आलंय हिचं. आन् वासरू कुठाय?"

वासरू आईच्या काळेपणात पूर्ण मिसळून गेले होते. मी बांध ओलांडला, सूर्याकडे पाठ केली आणि पुन्हा कॅमेरा लावला. वासराच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, हे मला तेव्हा दिसले.