एकवीस दिवस मैदान

माझे सासरे चौतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होते, आणि त्या चौतीस वर्षांत त्यांनी स्वतः गाडी जवळजवळ चालवलीच नाही. हे आम्हा घरच्यांच्या लक्षात यायला सात मीटर लांबीची घरगाडी दारात उभी राहावी लागली.

त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी तोंडावर बाबा म्हणते, पाठीमागे मास्तरच. सकाळचा पहिला विद्यार्थी आमच्या दारातून शिकवणीची छोटी गाडी काढायचा आणि संध्याकाळचा शेवटचा ती दारात आणून लावायचा. मधला सगळा वेळ मास्तर डावीकडच्या सीटवर. तिथे त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता आणि मांडीवर वही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी रोज खिडकीतून बघत असे. पण शिकवायचे मात्र असे, की त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाने कुणाला धडक दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. त्यांचा एकच नियम होता: एकवीस दिवस मैदान, मग रस्ता. मंत्र्याचा मेहुणा आला तरी बाविसाव्या दिवसाआधी रस्ता नाही. मलाही त्यांनीच शिकवलं. सून म्हणून एक दिवसही सूट दिली नाही, उलट दोन वाढवले.

ही घरगाडी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीची. ती लोकांना सहलींना नेते. आत दोन पलंग, शेगडी, मोरी आणि बसता येईल असा छोटा संडास. आम्हाला हवा होता तो पलंग आणि तो संडास. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, घसरून पडल्या आणि मणक्याची दोन हाडं चेपली. दहा मिनिटांच्या वर त्यांना बसवत नाही. आणि त्यांना मावशींकडे जायचं होतं.

मावशी म्हणजे त्यांची थोरली बहीण, नऊ तासांच्या अंतरावर. आईंची आई लवकर गेली, तेव्हा चौदा वर्षांच्या मावशींनी चार वर्षांच्या आईंना वाढवलं. वेणीफणी, शाळेचा डबा, ताप आला की उशाशी बसणं, सगळं. त्याच मावशींना आता विसर पडायला लागला होता. त्यांचा मुलगा फोनवर मला म्हणाला, "वहिनी, तुमच्या सासूबाईंना आणायचं तर आत्ताच आणा. अजून ओळखते माझी आई. पुढचं मी सांगू शकत नाही." मावशींना तिकडून आणायचं म्हटलं तर गल्लीच्या बाहेर नेलं की त्या घाबऱ्याघुबऱ्या होत. फोनवर चेहरा दाखवला तर त्या फोन उलटा करून मागे कोण आहे ते बघत. आणि रुग्णवाहिकेच्या फळीवर नऊ तास म्हणजे शिक्षा आहे, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. माझा नवरा बोटीवर, पाच महिने तरी यायचा नाही. उरलो आम्ही तिघं आणि ती गाडी.

"आठ दिवसांत निघू," असं मी आईंना सांगून टाकलं. माझं चुकलंच.

मास्तरांनी नियम स्वतःलाही लावला आणि गाडी घरामागच्या बंद कारखान्याच्या आवारात नेली. नेली म्हणजे त्या विद्यार्थिनीने नेली, मास्तर शेजारी बसले. ती स्वतः त्याच रात्री दुसरी गाडी घेऊन दोन महिन्यांच्या सहलींवर जाणार होती. रंगाचे रिकामे डबे दोन ओळींत मांडले, मधून गाडी जाईल एवढीच जागा ठेवली. मग उजवीकडच्या सीटवर चढले, आरसे लावले, वही मांडीवर ठेवली आणि स्वतःलाच सूचना द्यायला लागले. "आरसा बघा. क्लच सावकाश. घाई कसली आहे?" मी मागच्या पलंगावर बसून हसू दाबत होते. गाडी निघाली आणि डावीकडचे सातही डबे एकापाठोपाठ एक चेपत गेली. उजवीकडच्या एकालाही धक्का नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मास्तरांना उमजेना. शेवटी कोडं मलाच सुटलं. चौतीस वर्षं त्यांनी रस्ता डाव्या सीटवरून पाहिला होता. डावी कडा आपल्या कोपरापासून किती लांब आहे, ते त्यांच्या अंगात मुरलं होतं. आता बसले होते उजवीकडे, पण अंग अजून डावीकडेच होतं. ते स्वतःला रस्त्यावर जुन्याच जागी नेमकं बसवायचे आणि एवढी मोठी गाडी एक सीटभर डावीकडे सरकायची. असली चूक कुणा नवशिक्याच्या हातून झाली नसती. ती करायला मास्तरच लागतो.

मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चेपलेले डबे स्वतः मोजले. मग वहीत लिहिलं, "दिवस तिसरा. नापास." खाली सही.

आम्ही रोज संध्याकाळी मावशींना फोन लावायचो. मी फोन स्पीकरवर टाकून आईंच्या कानाशी धरायची. त्या आठवड्यात मावशी खणखणीत बोलत होत्या. "कधी येतेस गं बारके? मी उशा उन्हात टाकल्यात." बारकी हे आईंचं घरातलं नाव. सत्तरीला टेकलेल्या, पाठीवर पडून छताचा पंखा बघणाऱ्या आई ते ऐकून लहान मुलीसारखं हसायच्या. "येते गं ताई. हे गाडी शिकतायत." मावशी म्हणायच्या, "तुझा नवरा तर गाडी शिकवतो ना?" हे ऐकलं की मास्तर वही घेऊन बाहेर जायचे.

बाराव्या दिवशी मी एका निवृत्त बसचालकाला घेऊन आले. आयुष्यभर घाटात बस चालवलेला माणूस, चहा पिऊन झाला की निघू म्हणाला. मास्तरांनी त्याला आवारात नेलं आणि त्याचीच परीक्षा घेतली. अर्ध्या तासात परत आले. "एका हाताने चालवतो. आरसा बघत नाही. वळताना मागची बाजू किती बाहेर फिरते, याची फिकीर नाही. तुझ्या आईला मी याच्या हवाली करू?" बसचालक माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मी चाळीस वर्षं..." आणि हात जोडून निघून गेला. स्वतःला येत नाही आणि दुसऱ्याला येतं ते चालत नाही, या हट्टाला काय म्हणावं?

पण खोटं कशाला बोलू, ते शिकतही होते. डावीकडचे डबे दोनच पडायला लागले, मग एक. झाडाच्या खालच्या फांद्यांसाठी मान वर करायची सवय त्यांनी लावून घेतली. कपाटांच्या कड्या लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हेही शिकले, कारण एकदा वळणावर सगळी ताटं-वाट्या माझ्या अंगावर आली होती. एकोणिसाव्या दिवशी वहीत पहिल्यांदा "पास" लिहिलं. घोडामैदान जवळच होतं. बाविसाव्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. तिकडे फोनवर मावशी आता मध्येच विचारायच्या, "कोण बोलतंय?" आईंनी "बारकी" म्हटलं की मात्र लगेच आवाज उजळायचा.

विसाव्या दिवशी मास्तर म्हणाले, "हिला घेऊन आवारातच एक फेरी मारू. वजनाचा अंदाज येईल." शेजारच्या दोघांनी आईंना चादरीत उचलून पलंगावर ठेवलं, मी पट्टे बांधले. आई खिडकीतून बघत होत्या. तीन महिन्यांनी आभाळ बघत होत्या. "अहो, छान चालवता की," त्या म्हणाल्या. आणि तेवढ्यात भिंतीआडून कुत्रं आलं.

मास्तरांनी ब्रेक मारला. डावीकडे बसून मारायचे तसा, एकदम, पूर्ण जोर लावून. छोट्या गाडीत त्याने विद्यार्थी नुसता दचकायचा. इथे सगळी गाडी पुढे झुकली, आई पट्ट्यांतून सरकल्या आणि जो आवाज त्यांच्या तोंडून आला तो मला अजून ऐकू येतो. कुत्रं शेपूट हलवत निघून गेलं.

हाड नवीन मोडलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चार दिवस अजिबात हलवू नका, पुढे हरकत नाही. पण मास्तरांनी धसका घेतला. संध्याकाळी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्यांनी वहीचं नवं पान उघडलं आणि लिहिलं, "दिवस पहिला."

मी वही ओढून घेतली. "बाबा, मावशी तुमच्या एकवीस दिवसांसाठी थांबणार आहेत का?"

"रस्त्यावर कच्चा माणूस मी सोडत नाही."

"आणि उशीर झाला तर?"

"उशीर झाला तर उशीर होईल. मी हिला रस्त्यात मोडून बसलो तर काय करू? सांग ना, काय करू मी?" मला त्यांचा राग आला होता, पण त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. मी वही परत दिली. आतून आई म्हणाल्या, "राहू दे गं. त्यांना येईल तेव्हा येईल." मी त्यांच्या खोलीत गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

मी काय काय केलं नाही! दुसरी गाडी शोधली, तिच्यात पलंग नव्हता. नवऱ्याला निरोप पाठवला, त्याचं उत्तर आलं, "बाबांना समजाव." मीच चालवते म्हणाले, तर मास्तरांनी मला आवारात बसवलं आणि मी पहिल्याच वळणावर मागचा दिवा भिंतीला घासला. त्यांनी मला नापास केलं, आणि योग्यच केलं. दिवस जात होते. फोनवर मावशी आता "बारकी" ऐकून "कोण बारकी?" म्हणायला लागल्या. एका संध्याकाळी त्यांनी फोन मुलाच्या हातात दिला आणि त्याला म्हणाल्या ते आम्हाला स्वच्छ ऐकू आलं, "कुणीतरी बाई आहे. रडतेय बिचारी." त्यानंतर आई मला फोन लाव म्हणाल्या नाहीत.

बेचाळिसाव्या दिवशी आम्ही निघालो.

आता सांगते ते ऐका. नऊ तासांचा रस्ता मास्तरांनी बारा तासांत कापला, पण काय कापला! घाटातल्या वळणांवर आईंच्या पाण्याच्या पेल्यातलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही. अरुंद पुलावर समोरून ट्रक आला तेव्हा त्यांनी चार बोटांचं अंतर ठेवून गाडी काढली, दोन्ही बाजूंना सारखं. दर तासाला थांबून मागे येत, आईंच्या पाठीखाली हात घालून विचारत, "दुखतंय?" त्या मान हलवत, नाही. मावशींच्या गल्लीत माणसं कौतुकाने बाजूला झाली. मास्तरांनी गाडी उलटी घेऊन फाटकाला अशी लावली, की दार बरोबर पायरीसमोर आलं. कुठेही ओरखडा नाही.

मावशींचा मुलगा त्यांना धरून घेऊन आला. धुतलेलं पातळ, केस नीट विंचरलेले. फाटकातून पुढे यायला त्या कचरल्या नाहीत, उलट गाडी बघून खूश झाल्या. पायरी चढून आत आल्या, शेगडीला हात लावून पाहिला. "छान आहे हो घर. हवाही येते." मग त्यांना पलंगावरची बाई दिसली.

"ताई," आई म्हणाल्या.

मावशी पुढे झाल्या. पायाशी गोळा झालेली चादर त्यांनी सरळ केली, कडा गादीखाली खोचल्या. कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. मी शेगडीपाशी उभी होते. दारात मास्तर.

"काय होतंय तुम्हाला?" मावशींनी विचारलं.

"पाठ मोडलीय."

"अरेरे. आणि करायला कोण आहे?"

"हे आहेत. सून आहे."

"बहीण नाही?"

आईंनी त्यांच्याकडे बघितलं. "आहे ना. थोरली आहे."

"मग तिला कळवा आधी," मावशी म्हणाल्या. "सांगा, मी निजून आहे म्हणावं. पळत येईल हो ती."

"कळवते," आई म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून ठेवला.

मास्तर दारातून खाली उतरले. मीही उतरले. गेले तीन आठवडे एक वाक्य माझ्या ओठावर होतं, तुमच्या वहीने घात केला, असं. ते सुनवायला याहून नेमकी वेळ मिळाली नसती. ते गाडीच्या पुढच्या चाकापाशी उभे होते, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"पहिल्या एकवीस दिवसांनंतरच निघालो असतो तर?" त्यांनी मला विचारलं.

"काही फरक पडला नसता, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. आतून मावशींचा आवाज आला, जरा काळजीचा, जरा घाईचा. "अहो बाई, कळवलंत का बहिणीला?"