केसांवर भांडी

वहिनीसाहेबांनी गजरा माझ्या केसांत माळला नाही. हातात ठेवला.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. इंदूरला भंवरकुआं भागातल्या ज्या कोचिंगमध्ये मी जीवशास्त्र शिकवते, त्याचे मालक म्हणजे आमचे सर, आणि त्यांची बायको म्हणजे वहिनीसाहेब. घराणं जुनं मराठी, दरबारात मान असलेलं. दिवाणखान्यात अजून पगडीवाल्या पूर्वजांच्या तसबिरी आहेत. स्टाफमधल्या आम्हा मराठी बायकांना दर वर्षी बोलावणं येतं आणि ते टाळायची कुणाची टाप नाही. वहिनीसाहेब एकेकीला हळदकुंकू लावत होत्या, हातावर अत्तर लावत होत्या आणि मग स्वतः वेणीत गजरा माळत होत्या. माझी पाळी आली. मी मान वाकवली. त्या थांबल्या.

“हिच्या कुठे खोचू? जगह तर दाखवा कुणी.”

बायका हसल्या. चारजणी हसल्या की वहिनीसाहेबांना आणखी सुचतं.

“हिची आई घरोघर फिरून केस गोळा करायची. एवढ्या बायकांचे केस नेले, लेकीसाठी एक गंगावन नाही ठेवता आलं का?”

मग तर हसण्यात कुणी मागं राहिलंच नाही. मीही हसले. तीळगूळ घेतला, वाणाची डबी घेतली, ‘येते’ म्हणाले. खाली येऊन स्कूटरची किल्ली काढायला मूठ उघडली, तेव्हा कळलं की गजऱ्याचा चुरा झालाय.

आईचं खरं आहे. ती केस गोळा करायची. लातूरकडच्या गावांतून, डोक्यावर टोपली घेऊन. टोपलीत ॲल्युमिनियमची पातेली, वाट्या, चहाच्या गाळण्या. “केसांवर भांडीऽऽ” अशी हाळी द्यायची. विंचरताना निघालेले केस बायका गुंडाळून कोनाड्यात, पत्र्याच्या सांदीत साठवून ठेवायच्या. केसांच्या गुंतवळावर थुंकायची रीत आहे, कुणी करणी करू नये म्हणून. तो थुंकलेला गुंतवळ आई घ्यायची, हातावर तोलायची आणि बदल्यात भांडं द्यायची. मी तिच्याबरोबर फिरलेय. आमच्या घरात केसांनी भरलेलं पोतं असायचं. त्याला खोबरेल तेलाचा शिळा वास यायचा. त्याच पोत्याला टेकून मी अभ्यास केला, एमएस्सी झाले. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. म्हणून मुलाखतीत सरांनी घरची परिस्थिती विचारली तेव्हा सरळ सांगून टाकलं.

सरांनी ते उचललं. दर वर्षी नवी बॅच आली की मला स्टेजवर बोलावतात आणि माइक हातात घेऊन म्हणतात, “ये हमारी मॅडम. इनकी माँ गली-गली बाल इकट्ठा करती थी. आज देखो.” पोरं टाळ्या वाजवतात. पहिल्या वर्षी मला अभिमान वाटला होता. नंतर लक्षात आलं की टाळ्या सरांना पडतायत. मला नोकरी दिली म्हणून.

आणि माझेच केस गेले. मुलीच्या बाळंतपणानंतर गळायला लागले ते थांबलेच नाहीत. बाईचं टक्कल पुरुषासारखं पडत नाही. भांग रुंद होत जातो, मग त्याच्या दोन्ही बाजूंना कातडी दिसायला लागते. तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, कांद्याचा रस झाला. मी रोज आरशासमोर भांग उजवीकडून डावीकडे नेते. काळी पावडर चोपडते. पंख्याखाली बसत नाही. लग्नाला गेले तर सगळ्यात मागची खुर्ची धरते, म्हणजे माझ्या मागे कुणी नसतं. डोक्यावर हेल्मेट असतं तेवढाच वेळ मी सुटलेली असते. पुरुषाला टक्कल पडलं तर लोक त्याला अनुभवी समजतात. मला विचारतात, कॅन्सर झाला होता का?

हळदीकुंकवाला आठवडा झाला असेल नसेल, सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, बुरा मत मानना. ऑनलाइन बॅच तुम्हीच घेणार आहात. पण स्टुडिओच्या लाइटमध्ये डोकं चमकतं ना. बच्चे लोग कमेंटमध्ये काय-काय लिहितात. माझ्या भाच्याचं क्लिनिक आहे. ट्रान्सप्लांट करून घ्या. अपनी तरफ से.”

ऑनलाइन बॅच म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. जो व्हिडिओत दिसतो तो टिकतो. बाकीच्यांचं दर वर्षी नव्यानं ठरतं. माझ्या घरचं सगळं माझ्या नोकरीवर चालतं, कारण नवरा कामाला जातो ती पीथमपूरची फॅक्टरी कधी चालू असते, कधी बंद.

नवरा म्हणाला, “फुकट होतंय तर नाही कशाला म्हणतेस?” आई आमच्याकडेच राहते, नातीला सांभाळायला आली ती राहिलीच. ती म्हणाली, “करून घी की माय. देवानं न्हेलं ते डाक्टर देतूय.” नाही म्हणायला मला एकही कारण सापडेना. आणि खरं सांगायचं तर मला केस हवे होते. इतके हवे होते की रस्त्यानं जाणाऱ्या बाईची वेणी दिसली तरी स्कूटर हळू करून बघत राहायचे.

क्लिनिकमध्ये वहिनीसाहेब आधीच येऊन बसल्या होत्या. डॉक्टर भाच्यानं माझ्या डोक्यावर मार्करनं रेघ ओढली. मागचे केस मुळासकट काढून पुढे लावायचे, म्हणाला. नवीन काही उगवत नाही, फक्त जागा बदलते. हे मी पोरांना शिकवते, मला माहीत होतं. तुमचे मागचेही विरळ आहेत, फार फरक दिसेलच असं नाही, असंही त्यानं सांगितलं. पण हे सगळं तो माझ्या नवऱ्याकडे बघून सांगत होता. डोकं माझं होतं. मी म्हणाले, मला विचार करायला वेळ हवा. त्यावर वहिनीसाहेब म्हणाल्या, “विचार कसला करायचा आता? शूट पुढच्या महिन्यात है ना. आणि बघ, फोटो लागतील. आधीचा, नंतरचा. आईंना पण घेऊन ये. तुझी स्टोरी बढिया आहे, क्लिनिकचं पण काम होऊन जाईल.”

मी ‘हो’ म्हणाले.

घरी येऊन रेघ घासली. निघेना. दुसऱ्या दिवशी ओढणी कपाळापर्यंत ओढून वर्गात गेले. मुलींना दिसत होतं. विचारलं कुणीच नाही. कुणी दुष्टपणा केला असता तर मी भांडले असते, भांडायला मी आईकडूनच शिकलेय. इथं सगळे माझं भलं करायला निघाले होते. भलं करणाऱ्याशी भांडायचं कसं, ते मला येत नव्हतं. झोपेतही मी डोक्यावर हात धरून असायचे, असं नवरा सांगतो.

फोटोच्या दिवशी आई नवी साडी नेसून आली. वहिनीसाहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “अहो, ही नाही चालणार. जुनं लुगडं नाही का एखादं?” आई ओशाळली. चुकलं, म्हणाली. मग कुणाची तरी जुनी साडी आणून तिला नेसवली. टोपली सियागंजच्या बाजारातून मागवली होती, कोरी करकरीत, आणि त्यात स्टीलची चकचकीत भांडी. क्लिनिकच्या त्या हॉलमध्ये दोन सोफे होते, सहा-सात खुर्च्या होत्या.

“आई, तुम्ही खाली बसा हं. फोटोत बरं दिसतं.”

आई बसली. एका क्षणात. जणू वाटच बघत होती. मला मागं खुर्चीवर बसवलं, केस मोकळे सोडून, भांग नीट दिसेल असे. फोटोग्राफर म्हणाला, “माताजी के हाथ में बाल चाहिए.” आतून कुणीतरी केसांचा एक झुपका आणून वहिनीसाहेबांच्या हातात दिला. आईनं डोक्यावर पदर ओढला, मान खाली घातली आणि हात पसरला. तिला असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनीसाहेबांनी झुपका वरून टाकला. स्वतःच्या आणि आईच्या हातात वीतभर अंतर राखून.

गावाकडं बायका असेच टाकायच्या. गावोगाव, दारोदार. मी आईचा पदर धरून उभी असायचे आणि वर बघायचे. उंबऱ्याच्या आत एक बाई, बाहेर पायरीखाली आई. आईच्या हाताला हात लागू नये म्हणून बाई तो गुंतवळ वरूनच सोडायची. थुंकलेले केस आईनं धरायचे, आणि विटाळ मात्र त्या बाईला व्हायचा. वहिनीसाहेबांनी असं कधी केलं नसेल. त्यांच्या दारात केस न्यायला कुणी आलंही नसेल. तरी त्यांचा हात बरोबर तेवढ्याच उंचीवर थांबला.

“आई, ऊठ.”

आई उठली नाही. मान न वळवता कुजबुजली, “थांब की माय, फोटू हू दे.”

“ऊठ म्हणते ना.”

“काय झालं आता हिला?” वहिनीसाहेब म्हणाल्या. “इतकं करतोय तुझ्यासाठी.”

“वहिनीसाहेब, तुम्ही बसा खाली. मी टाकते केस.”

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. वहिनीसाहेब भाच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “डोकं फिरलंय हिचं.” माझ्याशी त्या बोलल्याच नाहीत. मी आईला दंडाला धरून उठवलं. ती अंग टाकून बसली होती, उठायला तयार नव्हती. ओढावं लागलं. बाहेर आलो तेव्हा तिच्या दंडावर माझी बोटं उमटली होती आणि अंगावर अजून ती दुसऱ्या कुणाची साडी होती, नवी तिच्या पिशवीत.

रिक्षात आई रडली. मला वाटलं, अपमानानं. तसं नव्हतं. “तुजे क्यास आले असते,” म्हणाली. “माजं काय जात हुतं घडीभर बसाया? आयुक्षभर बसले.”

दुसऱ्या दिवशी केबिन. सर चिडलेले नव्हते. ते चिडत नाहीत, समजावतात.

“सॉरी बोलून टाका मॅडम, मॅटर खतम. ट्रान्सप्लांटही होईल, बॅचही होईल.”

“सॉरी म्हणणार नाही. आणि आईची गोष्ट यापुढे तुम्ही सांगायची नाही. स्टेजवर नाही, पोस्टरवर नाही.”

“फिर ऑनलाइन का भूल जाओ.”

“ठीक आहे.”

ऑनलाइन बॅच आता दुसरे सर घेतात. त्यांच्या डोक्यावर एक केस नाही. स्टुडिओचे दिवे तेच आहेत आणि कुणाला काही खटकत नाही. पुढच्या वर्षी मला ठेवतील की नाही, माहीत नाही. नवरा बोलतो, पण तेवढ्यापुरतं. भाजी आणायची का, पोरीची फी भरली का. आईनं नवी साडी घडी करून ट्रंकेत ठेवली आणि आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

केस मला अजून हवेत. पावडर मी अजून लावते. आरशासमोर अजून तेवढाच वेळ जातो, आणि गळालेले केस फणीतून काढताना अजून मोजते. ट्रान्सप्लांट करायचं की नाही, हे मी ठरवलेलं नाही. केलं तर माझ्या मनानं करीन, डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघून बोलेल तिथं करीन. नाही केलं तर ह्याच डोक्यानं फळ्यासमोर उभी राहीन, ज्याला बघायचंय त्यानं बघावं. पण कुणाच्या भिंतीवर ‘आधीची बाई’ म्हणून माझा फोटो लागणार नाही.

परवा आमच्या बिल्डिंगमध्ये एकांकडे पूजा होती. खुर्च्या मांडलेल्या होत्या. आई आत आली, इकडंतिकडं पाहिलं आणि दाराशी, चपलांजवळ जाऊन खाली बसली. मी गेले, हात धरून तिला उठवलं आणि खुर्चीवर बसवलं. सगळे बघत होते. आईनं मला दात-ओठ खाऊन शिवी दिली. देऊ दे. गुडघे दुखतात, हवा येते, इथंच बरं वाटतं, काय सांगायचं ते सांगू दे. दुसऱ्याच्या दारात ती जेव्हा जेव्हा अशी खाली बसेल, तेव्हा तेव्हा मी तिला उठवणार आहे. चारचौघांत. तिच्या मनाविरुद्ध.