गाऱ्हाणं कुणाच्या नावानं

देवाला प्रश्न विचारून उत्तर मागणं मला कधी पटलं नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले, आता रसायनीच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही तिथली शिस्त अंगात भिनलेली. देवळात मी आईच्या मागे उभी राहून हात जोडते, पण काही मागत नाही. मागितलं आणि मिळालं नाही तर काय, ही भीती त्यामागे असावी. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो.

मागच्या वर्षी दहिवलीच्या आमच्या घरी सहा वर्षांची एक मुलगी आली. मी कॉलेजात असतानाच आई-बाबांनी दत्तकासाठी नाव नोंदवलं होतं. अंतिम आदेश होईपर्यंत ती सांभाळण्यासाठी आमच्याकडे असणार होती आणि संस्थेच्या समाजसेविका मॅडम अधूनमधून घरी येऊन पाहणार होत्या. कागदांवर तिचं नाव सुगी होतं. भातकापणीच्या दिवसांत जन्मली म्हणून तिच्या पहिल्या आईनं ते ठेवलं होतं. ती आई आता हयात नाही, याहून जास्त त्या फाइलमध्ये काही नव्हतं.

नाव बदलायचं हे मीच सुचवलं. शाळेत माझं घरातलं हाकेचं नाव एकदा मुलींना कळलं होतं, त्यावरून चिडवणं सुरू झालं आणि चौथीचं उरलेलं वर्ष मी मधल्या सुट्टीत वर्गातच बसून काढलं होतं. हिच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच मनात होतं. आत्यानं तर तिचं नाव ऐकल्याऐकल्या, "सुगी? शाळेत घालायचीय का भात कापायला धाडायचीय गं?" म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. मग मी अन्वी हे नाव शोधलं. ती यायच्या आधीच कपाटाच्या दारावर रंगीत कागदाची अक्षरं चिकटवली. अन्वीचं कपाट, अन्वीचं दप्तर, अन्वीचा पिवळा फ्रॉक, असं घरात सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मुलगी आली आणि हळूहळू गप्पच झाली. पहिले काही दिवस पाणी दे, शू लागली, एवढं तरी बोलायची, पुढे तेही मानेनं सांगू लागली. अन्वी म्हणून हाक मारली की दाराकडे बघायची. पिवळा फ्रॉक तिनं एकदाही घातला नाही, रोज घडी घालून जागेवर ठेवायची. दप्तर उघडलं नाही. पलंगावर माझ्या शेजारी झोपायची ती अगदी कडेला, इतकी की मी तिच्या बाजूला उशी लावून ठेवायची. मला वाटलं, रुळायला वेळ लागतोय. हे सगळं मी पाहत होते, मनात टिपतही होते. विचारलं मात्र काहीच नाही. कोणाच्या आत शिरून विचारणं मला जमत नाही.

तिसऱ्या भेटीत मॅडमनी ते स्वच्छ सांगितलं. मूल घाबरलेलं नाही, पण ते इथलं झालेलंही नाही. मुलीचं मत विचारात घ्यावंच लागतं, तो तिचा हक्क आहे. पुढच्या भेटीतही ती राहायचं आहे असं आपल्या तोंडानं म्हणाली नाही, तर त्यांना तसंच लिहावं लागेल आणि तिच्यासाठी दुसरा विचार करावा लागेल. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

म्हणून आम्ही कौल लावायला गेलो. आमचं मूळ गाव कडावच्या पुढे आहे, तिथल्या गावदेवीचा कौल आईच्या माहेरापर्यंत ठाऊक. भिजवलेल्या तांदळाचे दाणे देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायचे, उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. मी आईला म्हटलं, दाणा कसा सुकतो त्यावर एका मुलीचं आयुष्य ठरवायचं का? आई म्हणाली, "मग तू ठरव."

कापणी उरकली होती, खाचरांत नुसती धसकटं उरलेली. नेहमीचे गुरव पाय सुजल्यानं घरी होते. त्यांच्या जागी खालापूरकडचे त्यांचे मेव्हणे तेवढ्या एका दिवसापुरते बसले होते. आमच्या गुरवांना आत्याकडून सगळं आधीच कळलेलं असायचं. या माणसाला आमची काहीच माहिती नव्हती. त्यांनी दाणे चिकटवले, नारळ हातात घेतला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाच्या नावानं गाऱ्हाणं घालू?"

आईनं सांगितलं, अन्वीच्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी देवळाच्या दाराकडे पाहत होती.

"ही का अन्वी? नाव घेतलंत तर तिकडं बघते ती." ते खाली तिच्यासमोर उकिडवे बसले. "देवीला सांगायचं तर खरं नाव लागतं. तुला काय म्हनतात गं, बाय?"

कितीतरी आठवड्यांनी मी त्या मुलीचा आवाज ऐकला.

"सुगी."

"झाक नाव हाय. आमच्या आजीचं हेच." ते उठले आणि त्यांनी मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, की आई, ही तुझी सुगी आलीय, हिला कुठं राहायचंय ते तूच बघ. आपलं नाव देवळात घुमताना ऐकून ती पहिल्यांदा माझ्याजवळ सरकली. दाणे अजून तसेच होते. ती माझी ओढणी धरून हळूच म्हणाली, "ताई, अन्वी कधी येनार?"

मला आधी काही कळेना.

"तिचं समदं नीट ठेवलंय मी. फ्राक पन नाय घातला. ती आली की मी जानार ना?"

मी तिथेच फरशीवर बसले. ती इतके दिवस आमच्या घरात दुसऱ्या मुलीची जागा राखत होती. पलंगाची कड, घडी घातलेला फ्रॉक, सगळं अन्वीसाठी. मी तिला म्हटलं, "अन्वी कोणी नाही गं. ते नाव माझी चूक होती. सगळं तुझंच आहे." तिनं खात्री करून घेतली. "दप्तर पन?" दप्तर पण. आई तिला उचलून घेऊन बाहेर पायरीवर गेली, मीही मागोमाग गेले. कुठला दाणा आधी पडला, हे आम्ही पाहिलंच नाही. परत जाऊन विचारावंसंही कोणाला वाटलं नाही.

पुढच्या भेटीत मॅडमनी आम्हाला बाहेर बसवून दार लोटून घेतलं. पण घर लहान, आवाज येतो. त्यांनी विचारलं, या घरात कोण कोण राहतं? तिनं सांगितलं, आई, बाबा, ताई, सुगी. तुला कुठं राहायचंय? "हितंच. माझं कपाट हाय ना हितं." कपाटाच्या दारावर तेव्हा सुगी ही वाकडीतिकडी अक्षरं होती, तिनं स्वतः कापलेली. अर्जात नावाच्या रकान्यात बाबांनी सुगी लिहिलं. आत्या नाक मुरडते, आणि तिच्यासाठी गुळाच्या कापण्या करून आणते.

ते मेव्हणे मला पुन्हा भेटले नाहीत. आमच्या गुरवांचा पाय त्याच दिवशी का सुजला, याचा हिशोब मी मांडत नाही. जे माझ्या तोंडून निघत नव्हतं ते कोणीतरी विचारलं, एवढं मला पुरे आहे. देवळात मी अजूनही काही मागत नाही. पण आता आईच्या मागे उभी राहत नाही. सुगीचा हात धरून पुढे जाते आणि आम्ही दोघी आपापलं नाव सांगतो. मी माझं घरातलं सांगते.