रंध्यामागे लपलेला आर्किटेक्ट

सुतार दाराला रंधा मारतोय आणि भुशाच्या वासानं मी पुन्हा रियाधला पोचलोय.

तिथं मी आर्किटेक्ट होतो, पण मालकानं इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, ‘सुतार’ लिहिलं होतं. एका दुपारी सौदीकरणाचे, म्हणजे नोकऱ्या सौदींना राखण्याच्या मोहिमेचे, तपासनीस आले, तसा मी नकाशा टाकून खालच्या सुतारखान्यात पळालो. राजापूरच्या इस्माईलचाचांनी माझ्या हाती रंधा दिला. “वर बघू नको, मारत राहा.”

तपासनिसानं आमच्या दोघांचे इकामे घेतले आणि माझा तळवा उलटून पाहिला. मऊ, घामानं चिंब.

“नवा आहे, मी शिकवतोय,” चाचा अरबीत म्हणाले.

इकामे परत मिळाले. आपण वाचलो, एवढंच तेव्हा कळलं. खोटं बोलताना चाचांचा इकामाही तपासनिसाच्या त्याच मुठीत होता, हे आज कळतंय.